स्वमग्न लेकरू, घरचा देव आणि गावातली जागा

दोन-अडीच वर्षांचं लेकरू हाक मारली तरी वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, येत होते तेवढे चार शब्दही बोलायचं बंद झालंय आणि डब्याचं झाकण फिरवत तासन्‌तास बसतंय, असं दिसलं की मराठवाड्यातली बहुतेक घरं आधी कुलदैवताला साकडं घालतात. कुणी तुळजापूर गाठतं, कुणी माहूर, कुणी येरमाळा, कुणी परळी किंवा औंढा. कुणी दर्ग्यावर चादर चढवतं, कुणी नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात माथा टेकतं. त्यात वावगं काहीच नाही. पण एक नवस फेडून दुसरा बोलेपर्यंत वर्ष निघून जातं, आणि ज्या वयात शिकवलेलं सगळ्यात जास्त लागी लागतं ते वय हातचं जातं. याच्या उलट काही घरं लेकराला देवळात, सप्त्यात, लग्नात न्यायचंच बंद करतात. दोन्हीकडे नुकसान लेकराचंच होतं. म्हणून ऑटिझम म्हणजे काय, त्यात श्रद्धेचा उपयोग कुठे होतो आणि अडथळा कुठे, हे नीट समजून घ्यायला हवं.

ऑटिझम म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. १९४३ साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. हा रोग नाही, मेंदूची जडणघडणच जन्मापासून वेगळी असते. दोन गोष्टींवरून ती ओळखू येते: एक, माणसांशी देवाणघेवाण करण्यातली अडचण, म्हणजे नजर, हावभाव, बोलणं, खेळणं. दुसरी, तेच तेच करण्याची ओढ आणि आवाज, स्पर्श, वास, उजेड यांचा फार जास्त किंवा फार कमी त्रास. काही लेकरं अजिबात बोलत नाहीत, काही भरभर बोलतात पण दोघांचं बोलणं जुळत नाही. काहींना बौद्धिक अडचण असते, काहींना मुळीच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण १२७ माणसांमागे एक स्वमग्न असतो. तुमच्या गावात हजारभर माणसं असतील तर सात-आठ जण असे असणार, कुणी तसं नाव घेवो न घेवो.

आवाजाचा त्रास म्हणजे काय, हे लोकांना सगळ्यात कमी कळतं. ज्वारीचं पीठ चाळलं की कोंडा वर राहतो आणि पीठ खाली पडतं. आपला मेंदू दिवसभर आवाजांची, स्पर्शांची अशीच चाळणी करत असतो: समोरच्याचं बोलणं आत, पंख्याची घरघर बाहेर. स्वमग्न लेकराची चाळणी वेगळ्या विणीची असते. आजीची हाक, मिक्सर, शर्टामागची टोचणारी चिठ्ठी आणि रस्त्यावरचा डीजे, सगळं एकाच जोराने आत येतं. अशा वेळी लेकरू कान दाबतं, पळतं, स्वतःला मारून घेतं. त्याला लोक ‘हट्टी’ म्हणतात.

बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही आणि टाटा करणं, बोट दाखवणं असे हावभावही नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडणं नाही, किंवा कोणत्याही वयात आलेलं बोलणं गेलं, तर थांबायचं नाही. ‘त्याचा चुलताही उशिरा बोलला होता’ हे खरं असलं तरी तपासून घेण्यात काही जात नाही.

‘कुणी केलं हे? कुणाच्या पापाचं फळ?’

कुणीही केलेलं नाही. स्वमग्नतेत सगळ्यात मोठा वाटा जनुकांचा असतो. वेळेच्या बऱ्याच आधी झालेला जन्म, आईवडिलांचं जास्त वय अशी काही कारणं शक्यता थोडी वाढवतात. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली, मयतीला गेली, यातल्या कशाचाच संबंध नाही. एके काळी शिकलेले डॉक्टरसुद्धा आईच्या कोरडेपणाला दोष देत. ते मत कधीच मोडीत निघालं, पण बाईला बोल लावायची सवय मात्र गेली नाही. ज्या घरात सून आधीच रात्र-रात्र जागून लेकराला सांभाळते, त्या घरात ‘तुझ्या पायगुणाने’ हे वाक्य बोललं जाऊ नये. पूर्वजन्माचं पाप म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं की ज्याला बोलता येत नाही त्या जीवाला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतोय.

गोवर-रुबेलाच्या लसीने स्वमग्नता होते हा समज १९९८ च्या एका शोधनिबंधातून पसरला. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. लस चुकवू नका. मोबाईलनेही स्वमग्नता होत नाही. मात्र दिवसभर मोबाईल हातात असला की माणसांशी बोलण्याचे तास कमी होतात, आणि या लेकराला तेच तास सगळ्यात जास्त लागतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. घरात एक लेकरू स्वमग्न असेल तर पाठच्या भावंडात ही शक्यता साधारण पाचात एक असते. त्याच्यावर पहिल्या वर्षापासून बारीक नजर ठेवा.

‘मग नवस बोलू नये का?’

बोला. देवीपुढे पदर पसरल्याने आईला रात्रीची झोप लागत असेल तर तो आधार कुणी काढून घेऊ नये. पण नवसात काय मागतो, हे बघा. ‘पुढच्या नवरात्रापर्यंत बोलायला लाग’ असा नवस बोलला की लेकराच्या डोक्यावर मुदत बसते. मुदत टळली की घरात शोध सुरू होतो: कुणाचा उपास मोडला, कुणाची श्रद्धा कमी पडली? आईचे उपास वाढतात, अंगातलं रक्त कमी होतं, आणि दिवसभर लेकराशी खेळायचं बळ तिच्यातच उरत नाही. त्यापेक्षा शिकवायला धीर दे, चांगला शिक्षक भेटू दे, असं मागा.

नवसाने फरक पडला असं कधी कधी वाटतं, तेही समजून घेऊ. स्वमग्न लेकरं वाढतात, शिकतात, पण सारख्या वेगाने नाही. सहा महिने काही नाही आणि मग पंधरा दिवसांत तीन नव्या गोष्टी, असं होत राहतं. त्याच पंधरा दिवसांत यात्रा झालेली असली की श्रेय यात्रेला जातं. श्रेय कुणालाही द्या, शिकवणं थांबवू नका.

म्हणून साकडं घालायचं असेल तर त्याच आठवड्यात दवाखानाही करा. आधी कानांची तपासणी, कारण ऐकू न येणारं लेकरूही हाकेला वळत नाही. मग जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिथे बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-उपचार करणारे अशी माणसं एका छताखाली बसावीत अशी सरकारी योजना आहे. अंगणवाडीताई किंवा शाळा-अंगणवाडी तपासणीला येणारं आरोग्य पथक तिथली चिठ्ठी देऊ शकतं. नांदेड-परभणीकडच्यांना रेल्वेने सिकंदराबादची बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्थाही गाठता येते. झटके येत असतील, झोप पूर्ण उडाली असेल, लेकरू स्वतःला जखमा करून घेत असेल तर त्यासाठी औषधं आहेत. मूळ स्वमग्नता घालवणारं औषध नाही, इंजेक्शन नाही. स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशी टोचायच्या उपचाराची, शिफारस स्वमग्नतेसाठी करू नये, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्येच सांगितलंय. त्यासाठी कुणी वावर विकू नका.

‘भगताकडे, देवऋषीकडे एकदा दाखवलं तर काय बिघडतं?’

नुसता अंगारा लावला तर बहुधा काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘बाहेरचं’ काढताना. मिरच्यांची धुरी, छडीचे फटके, साखळी, डोकं धरून घुमवणं. लेकराला हे का चाललंय तेही कळत नाही आणि काय दुखतंय हेही सांगता येत नाही. ते गप्प पडलं की ‘शांत झालं’ म्हणतात. प्रत्यक्षात ते घाबरून थिजलेलं असतं, आणि त्यानंतर कुणी अनोळखी माणूस जवळ आला, डोक्याला हात लावला, धुराचा वास आला की आठ-आठ दिवस नीट खात नाही, नीट झोपत नाही. चार महिन्यांत शिकलेलं गळून पडतं.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, धुरी देणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. वारी, कीर्तन, प्रवचन, यात्रा, उपासना यांना या कायद्याने हात लावलेला नाही, हेही ठणकावून सांगायला हवं. मतिमंद माणसाच्या अंगी दैवी शक्ती आहे असं भासवून त्याच्यावर धंदा करणंही याच कायद्यात गुन्हा आहे. काही गावांत न बोलणाऱ्या लेकराला ‘देवाचा अवतार’ ठरवून पाया पडायची रांग लागते. त्यातही लेकराला लेकरू म्हणून जगू दिलं जात नाहीच.

ताईत, गंडा, भस्म, काजळ, सुरमा यांतल्या काहींत शिसं असतं. या लेकरांना वस्तू तोंडात घालायची सवय फार असते. गळ्यात बांधायचंच असेल तर धातू नको. आणि देव्हाऱ्यातला कापूर कुलपात ठेवा. खडीसाखरेसारखा दिसतो, आणि थोडासा जरी पोटात गेला तरी लहान लेकराला झटके येतात.

रोजची आरती हीच पहिली शाळा

स्वमग्न लेकराला शिकवताना शिक्षक ज्या गोष्टी मुद्दाम उभ्या करतात, त्या घरच्या पूजेत आयत्या असतात: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेला क्रम, तेच शब्द, आणि संपणार कधी हे पक्कं ठाऊक. ज्या लेकराला रोज नवं काय घडेल याचीच भीती वाटते, त्याला ही पाच मिनिटं ओळखीची वाटतात. नमाजातला ठरलेला क्रम, विहारातलं त्रिसरण-पंचशील, लंगरची पंगत, सगळ्यांना हे लागू आहे.

सुरुवात शेवटाकडून करा. हात धुणं, आसनावर बसणं, टाळ वाजवणं, निरांजनावरून हात फिरवणं, प्रसाद वाटणं, एवढ्या पायऱ्या धरल्या तर पहिले आठ-दहा दिवस लेकराला फक्त शेवटच्या पायरीला बोलवा. तळहातावर एक बत्तासा ठेवा, मागून त्याचा हात धरून आजीच्या हातात द्या, आजीने घेऊन त्याचं नाव घ्यावं आणि दुसरा बत्तासा त्याला द्यावा. हात मागूनच धरायचा. समोरून धरला की लेकरू तुमच्या तोंडाकडे बघत राहतं, काम त्याचं होत नाही. रोज पकड थोडी सैल करा: आधी मनगट, मग कोपर, मग नुसता खांद्याला स्पर्श. पाचपैकी चार दिवस न धरता जमलं की त्याच्या आधीची पायरी जोडा. पहिल्या पायरीपासून सुरू केलं तर लेकरू मध्येच उठून जातं आणि रोज ‘अर्धवट सोडणं’च शिकतं. शेवटापासून सुरू केलं तर प्रत्येक वेळी पूर्ण झाल्याचा गोडवा त्याच्याच हातात पडतो.

प्रत्येक पायरीचा मोबाईलवर एक फोटो काढून, छापून, उलटता येतील असे देव्हाऱ्याशेजारी ओळीने लावा. पायरी झाली की फोटो लेकराकडूनच उलटा करून घ्या. आरती सुरुवातीला एका कडव्याची, मिनिटभराची. घंटेने कान दाबत असेल तर नुसत्या टाळ्या. उदबत्ती काही दिवस बंद.

काही लेकरं पाणी मागायला शिकायच्या आधी अख्खी आरती म्हणून दाखवतात. घरचे त्याला चमत्कार म्हणतात, शेजारी पोपटपंची म्हणतात. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं ही या लेकरांची भाषा शिकायची वाट आहे. ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही म्हणू नका, मनात पाचपर्यंत मोजा, त्याला म्हणू द्या. पुढे हीच युक्ती ‘मला हवंय…’ म्हणून थांबताना वापरता येते. आणि घरात मराठी बोलता, गोरमाटी की दखनी, तीच बोला. दोन भाषांनी लेकरू गोंधळतं म्हणून घरची बोली सोडा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आजीशी बोलायची भाषा काढून घेतली तर त्याच्याशी बोलणारी माणसंच कमी होतात.

‘देवळात नेलं की आकांत करतं, मग कशाला न्यायचं?’

थेट पौर्णिमेच्या तुळजापुरात नेलं तर आकांत होणारच. आधी गावातल्या मारुतीच्या पारावर तीन-चार दिवस जा: पहिल्या दिवशी बाहेरूनच परत, मग सभामंडप, मग दर्शन. मोठ्या ठिकाणी तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा, वेरूळ-औंढा-परळीला श्रावणी सोमवार टाळा. रांगेत एकाने उभं राहावं, दुसऱ्याने लेकराला घेऊन लांब सावलीत. नंबर जवळ आला की फोन. मुखदर्शन हेही दर्शनच आहे. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं. कपडे काढायला बिचकणाऱ्या पोराने सभामंडपातून हात जोडले तर देवाचं काही अडत नाही. नांदेडला डोक्यावर रुमाल लागतो, तो घरी आधी दहा सेकंद, मग अर्धा मिनिट असा बांधून सवय करा. उन्हाळ्यात फरशी तापते, पायात जाड मोजे घाला. पुजाऱ्यांना आधीच सांगा: कपाळाला हात लावू नका, गंध तळहातावर द्या.

जावळ हा तर सगळ्यात अवघड प्रसंग. मामाच्या मांडीवर, भोवती वीस माणसं, कानाशी मशीन. महिनाभर आधी तयारी करा. पहिल्या आठवड्यात नुसता टॉवेल गळ्याभोवती. दुसऱ्यात बंद मशीन डोक्याला टेकवायचं. तिसऱ्यात मशीन शेजारच्या खोलीत चालू, रोज थोडं जवळ. चौथ्यात मामाने घरी येऊन मांडीवर बसवायचं. तरीही नाही जमलं तर देवापुढे कात्रीने चार बटा काढा, बाकीचे केस घरी सवडीने. चौघांनी हातपाय धरून केलेलं जावळ लेकरू विसरत नाही, पुढची कित्येक वर्षं न्हावी दिसला की पळतं.

आकांत आणि हट्ट यांतला फरक ओळखा. हट्ट करणारं पोर मध्येच बघतं, आई बघतेय का. आकांत करणाऱ्याला कुणी बघतंय की नाही याचं भान नसतं. त्या वेळी समजावणं, रागावणं, खाऊ दाखवणं, सगळं वाया. आवाजापासून लांब न्या, बोलणं बंद करा, लोकांना मागे सरकवा, डोकं आपटत असेल तर खाली चादर ठेवा आणि थांबा. शांत झाल्यावर लगेच परत रांगेत नेऊ नका.

लेकरू हरवणं ही खरी धास्ती आहे. यातल्या बऱ्याच लेकरांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि पळून जायचीही. शर्टाच्या आत फोन नंबर शिवा, भडक रंगाचे कपडे घाला, निघताना त्या दिवसाचा एक फोटो काढून ठेवा. दिसेनासं झालं तर आधी पाण्याकडे धावा: पैठण, गंगाखेड, नांदेडला घाटाकडे, शेतात विहिरीकडे आणि शेततळ्याकडे. शेततळ्याचा प्लास्टिक कागद एवढा निसरडा असतो की मोठा माणूसही वर येऊ शकत नाही. कुंपण घाला, आणि काठाला बांधलेला जाड दोर चारही बाजूंनी पाण्यात सोडून ठेवा.

‘लोक काय म्हणतील?’

लोक म्हणतील, आणि मग लेकराला बघून बघून त्यांना सवय होईल. कोंडून ठेवलं तर ती कधीच होणार नाही. अखंड हरिनाम सप्ताह हे त्यासाठी चांगलं निमित्त आहे. सात दिवस तोच काकडा, तोच हरिपाठ, त्याच वेळा. लेकराला भोंग्यापासून लांब, मंडपाच्या कडेला, उठून जाता येईल असं बसवा. हरिपाठाची पावली काही लेकरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतःहून धरतात. कीर्तनकार महाराजांनी एका वाक्यात ‘हे लेकरू उठलं, फिरलं तरी कुणी हटकू नका’ असं सांगितलं तर घरच्यांनी वर्षभर समजावून जे होत नाही ते होतं. मौलाना, भंते, ग्रंथी, सगळ्यांच्या शब्दाला हे वजन आहे. चारचौघांत दिव्यांग माणसाचा मुद्दाम अपमान करणं हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ९२व्या कलमानुसार गुन्हा आहे, किमान सहा महिने कैद. वेळ आली तर तेही सांगा.

‘स्वीकारलं म्हणजे हार मानली, असंच ना?’

स्वीकारलेल्या घरात काम वाढतं. ‘बरं कधी होईल’ हे विचारणं थांबतं आणि ‘या महिन्यात काय शिकवायचं’ हे ठरतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी तर हे नीट ठरवूनच निघावं लागतं. कोयत्यावर नेलं तर कोपीवरही, म्हणजे तिथल्या झोपडीतही, तेच ताट, तीच गोधडी, तीच फोटोंची ओळ न्या. आजीजवळ ठेवलं तर रोज एकाच वेळी फोन करा, आणि आजीला तीनच कामं सांगा: प्रसाद वाटून घेणं, स्वतःच्या हाताने जेवू देणं, मागितल्याशिवाय पाणी पुढे न करणं. मागणं म्हणजे बोट दाखवणं, ओढत नेणं किंवा एखादा आवाज, काहीही चालेल.

कागदपत्रं मागे पडू देऊ नका. १९९५ च्या जुन्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता नव्हती, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. प्रमाणपत्र देताना ४० मुद्द्यांची एक भारतीय मोजपट्टी वापरली जाते: ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. तपासणीला जाताना लेकराचे घरचे, जेवतानाचे, खेळतानाचे, चिडल्याचे व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यातल्या दहा मिनिटांत ते नेहमीसारखं वागेलच असं नाही. दिव्यांगाचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, झालं की राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमाकवच मिळतं. त्यात थेरपीचा खर्चही बसतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळा ‘आमच्याकडे जमणार नाही’ म्हणून दार लावू शकत नाही.

‘आमच्या माघारी कोण?’ हा प्रश्न बहुतेक आईबाप देवापुढेच बोलतात. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमायची सोय आहे. लेकरू अठरा वर्षांचं झालं की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. नाव चुलत्याचं द्यायचं, बहिणीचं की मामाचं, हे घरात बसून आधीच ठरवा, आणि त्या माणसाला आत्तापासून रोजच्या आरतीला, जेवणाला लेकराशेजारी बसू द्या.